गोळीने रिसेप्टर रोखल्यावर रोग अधिक पसरतो का?

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी ५९ वर्षांची निवृत्त विज्ञान शिक्षिका असून सातारा जिल्ह्यात राहते. दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. गाठ २.६ सेंटिमीटरची होती आणि काखेतून काढलेल्या १४ ग्रंथींपैकी २ ग्रंथींत रोग सापडला. अहवालात ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) ८/८, पीआर ६/८ आणि हर-टू (पेशीच्या वाढीशी संबंधित आणखी एक रिसेप्टर) निगेटिव्ह असे लिहिले आहे. केमोथेरपी आणि रेडिएशन संपल्यापासून लेट्रोझोलची, म्हणजे शरीरातील इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी रोज घेते. सकाळी उठल्यावर बोटे वळत नाहीत, गुडघे धरतात, जिना उतरताना कठडा सोडवत नाही. हे सारे सोसले असते. पण माझा भाचा बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करतो, त्याने एक शोधनिबंध वाचून दाखवला. इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा संदेश घेणारे पेशीतील प्रथिन, काम करत असेल तोवर कर्कपेशी एकमेकींना धरून राहतात आणि तो नाहीसा झाला की त्या सुट्या होऊन आसपास शिरू लागतात, असे त्यात म्हटले आहे. हाच रिसेप्टर कर्कपेशींना जगवतो, असेही मी दुसरीकडे वाचले. मग रिसेप्टरला रोखणारी गोळी घेऊन मी रोगाला पसरायला मदत तर करत नाही ना? गोळी बंद करू का? सांधेदुखीवर शतावरी कल्प घ्या, असे शेजारच्या ताई सांगतात, ते घ्यावे का? आणि ही गोळी एकूण किती वर्षे घ्यायची?

उत्तर : बाई, आधी नेमके उत्तर देतो आणि मग कारणांकडे वळतो. गोळी बंद करू नका. तुमच्या भाच्याने वाचलेला शोधनिबंध खोटा नाही, आणि रिसेप्टर कर्कपेशींना जगवतो हे तुम्ही वाचलेत तेही खरे आहे. मात्र या दोन खऱ्या विधानांवरून ‘गोळीमुळे रोग पसरेल’ असा जो निष्कर्ष निघतो असे वाटते, तो तुमच्या बाबतीत लागू होत नाही. तो का लागू होत नाही, हे समजून घेतल्याशिवाय तुमच्या मनातील शंका जाणार नाही आणि मनात शंका असताना सांधे दुखत असलेल्या माणसाकडून रोजची गोळी वर्षानुवर्षे घेतली जात नाही, हे मी माझ्या बाह्यरुग्ण विभागात पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून उत्तर थोडे लांबले तरी चालेल.

इस्ट्रोजेन रिसेप्टर हे ५९५ अमिनो आम्लांचे एक प्रथिन आहे. माणसाच्या शरीरात केंद्रकीय रिसेप्टरांचे एक मोठे कुटुंब असून त्यात ४८ सदस्य आहेत. थायरॉइडचे संप्रेरक, ड जीवनसत्त्व, कॉर्टिसोल, टेस्टोस्टेरॉन यांचे संदेश पेशीपर्यंत पोहोचवणारे रिसेप्टर याच कुटुंबातले. इन्सुलिनचा रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असतो, तसे यांचे नाही. इस्ट्रोजेन स्निग्ध पदार्थात विरघळणारे असल्याने ते पेशीच्या आवरणातून सरळ आत शिरते आणि केंद्रकात असलेल्या आपल्या रिसेप्टरला जाऊन चिकटते. ते चिकटले की रिसेप्टरचा आकार बदलतो, दोन रिसेप्टर जोडीने डीएनएवरील ठरावीक जागी बसतात, इतर साहाय्यक प्रथिने गोळा करतात आणि तेथील जनुके चालू किंवा बंद करतात. ‘चालू किंवा बंद’ या शब्दांकडे लक्ष असू द्या, कारण तुमच्या प्रश्नाची सगळी गुंतागुंत तिथेच आहे. एकाच वेळी शेकडो जनुकांवर या एका प्रथिनाचा अंमल चालतो, आणि ती सगळी जनुके एकाच दिशेने काम करणारी नसतात.

तुमच्या अहवालातील ८/८ हा आकडा ऑलरेड पद्धतीचा आहे. किती टक्के पेशींत रिसेप्टर दिसला यासाठी जास्तीत जास्त ५ गुण आणि तो किती गडद दिसला यासाठी जास्तीत जास्त ३ गुण, अशी ती बेरीज असते. म्हणजे तुमच्या गाठीतील बहुसंख्य पेशींत हा रिसेप्टर भरपूर होता. पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. त्याचे जनुक स्वतः इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या हुकुमाने चालते, त्यामुळे पीआर ६/८ असणे याचा अर्थ तुमच्या गाठीतील इस्ट्रोजेन रिसेप्टर नुसता हजर नव्हता, तो प्रत्यक्ष काम करत होता. हा विचार १९७५ साली अमेरिकेत कॅथरिन हॉर्विट्झ आणि विल्यम मॅग्वायर यांनी मांडला आणि आजही अहवालात पीआर लिहिण्यामागचे ते एक कारण आहे.

आता जगवण्याची बाजू पाहू. इस्ट्रोजेन मिळाले की हा रिसेप्टर सायक्लिन डी-१ आणि मिक ही प्रथिने वाढवतो. त्यांच्यामुळे पेशी विभाजनाच्या चक्रात पुढे ढकलली जाते. त्याच वेळी तो बीसीएल-२ नावाचे प्रथिन वाढवतो. पेशीने स्वतःला संपवायचे की नाही, याचा निर्णय बऱ्याच अंशी तिच्या मायटोकाँड्रियांच्या आवरणावर होतो आणि बीसीएल-२ तेथे बसून तो निर्णय थोपवून धरते. स्तनाच्या कर्कपेशी काचपात्रात वाढवून त्यांचे इस्ट्रोजेन तोडले की बीसीएल-२ घटते आणि पेशी मरण्यास अधिक तयार होतात. इथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. ज्या गाठींत बीसीएल-२ जास्त असते, त्या रुग्णांची वाटचाल अधिक वाईट व्हायला हवी असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात स्तनाच्या कर्करोगात ती सरासरीने बरी होते. कारण बीसीएल-२ जास्त असणे म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर कामावर असणे, आणि रिसेप्टर कामावर असेल तर त्याला रोखणारे औषधही लागू पडते. एखादे प्रथिन पेशीत काय करते आणि रुग्णाचे पुढे काय होते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पसरण्याची बाजू तुमच्या भाच्याने वाचली. निबंध कोणता ते तुम्ही लिहिलेले नाही, पण आशयावरून तो २००३ साली अमेरिकेतील पॉल वेड यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या कामावर आधारलेला असावा. त्यांनी दाखवले की इस्ट्रोजेन रिसेप्टर एमटीए-३ नावाचे प्रथिन तयार करवतो. एमटीए-३ हे स्नेल नावाच्या जनुकाला दाबून ठेवते. आणि स्नेल दाबलेले असेल तोवर ई-कॅड्हेरिन भरपूर बनत राहते. ई-कॅड्हेरिन हे पेशींना शेजारच्या पेशींशी बांधून ठेवणारे प्रथिन आहे. रिसेप्टर नसेल तर ही साखळी उलटी फिरते : एमटीए-३ घटते, स्नेल डोके वर काढते, ई-कॅड्हेरिन कमी होते आणि पेशी शेजाऱ्यांचा हात सोडून हालचाल करू लागते. एमटीए-३ चे प्रमाण इस्ट्रोजेनवर अवलंबून असल्याने, इस्ट्रोजेन तोडणाऱ्या गोळीनेही हेच होईल की काय, ही शंका अडाणीपणाची नाही. भाच्याला शाबासकी द्या. त्याने प्रश्न बरोबर ओळखला आहे.

तरीही मी गोळी घ्या असे ठामपणे सांगतो, याची कारणे तीन आहेत आणि शेवटचे सर्वांत वजनदार आहे.

पहिले असे की, लेट्रोझोल रिसेप्टरला नाहीसा करत नाही. पाळी गेल्यानंतर स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबी, स्नायू अशा ठिकाणी ॲरोमॅटेज नावाच्या विकराकडून तयार होते आणि लेट्रोझोल त्या विकराला अडवते. रिसेप्टर जागेवरच राहतो, त्याला मिळणारे इस्ट्रोजेन तेवढे तुटते. प्रयोगशाळेत तर असे दिसते की इस्ट्रोजेन नसताना पेशीतील रिसेप्टरचे प्रमाण कित्येकदा वाढते, कारण इस्ट्रोजेन चिकटलेला रिसेप्टर काम करून लवकर मोडीत निघतो आणि न चिकटलेला टिकून राहतो. ज्या गाठींत रिसेप्टर मुळातच नसतो, त्यांची गोष्ट वेगळी असते. त्या बहुतेक वेळा आरंभापासूनच वेगळ्या जातकुळीच्या असतात. त्यांची चालू-बंद जनुके वेगळी, त्यांतील बिघाड वेगळे. त्यांच्या आक्रमकपणाकडे बोट दाखवून ‘रिसेप्टर रोखला की तुमची गाठ तशी होईल’ असे म्हणता येत नाही.

दुसरे कारण प्रयोगांच्या मर्यादेचे आहे. स्तनाच्या कर्करोगावरील असंख्य प्रयोग दोन पेशीवंशांवर झाले आहेत. एक एमसीएफ-७, अमेरिकेतील मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये तयार झालेला. त्यात इस्ट्रोजेन रिसेप्टर भरपूर आहे आणि कृत्रिम जाळीतून पलीकडे शिरण्याच्या चाचणीत तो फारसा हालत नाही. दुसरा एमडीए-एमबी-२३१, ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन संस्थेतला, त्यात हा रिसेप्टर नाही आणि तो त्याच जाळीतून सहज पार होतो. ‘रिसेप्टर आहे तर आक्रमण नाही’ हे समीकरण बऱ्याच अंशी या जोडीवरून रूढ झाले. पण एमसीएफ-७ च्या मूळ पेशी आल्या कुठून, हे पाहा : एका रुग्ण स्त्रीच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातून. म्हणजे जाळीत ‘न शिरणाऱ्या’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या पेशी त्या स्त्रीच्या शरीरात स्तनापासून फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोहोचलेल्याच होत्या. १९९२ साली फ्रान्समधील संशोधकांनी एमडीए-एमबी-२३१ च्या पेशींत रिसेप्टरचे जनुक बाहेरून घातले, तेव्हा इस्ट्रोजेन दिल्यावर त्यांची शिरण्याची आणि उंदरांत पसरण्याची क्षमता कमी झाली. पण त्याच पेशींची वाढही इस्ट्रोजेनने मंदावली. स्तनाच्या खऱ्या ईआर-पॉझिटिव्ह गाठींत इस्ट्रोजेनने वाढ होते. बाहेरून बसवलेला रिसेप्टर जन्मजात रिसेप्टरसारखा वागेलच असे नाही, हे यातून उघड होते.

याच संदर्भात स्तनाच्या लोब्युलर प्रकारच्या कर्करोगाचाही विचार करावा लागतो. त्यात ई-कॅड्हेरिनचे जनुकच बहुधा बिघडलेले असते आणि पेशी एकेरी रांगेत ऊतींत शिरत जातात, तरी या गाठी जवळजवळ नेहमी ईआर-पॉझिटिव्ह असतात. रिसेप्टरचा हुकूम कितीही कडक असला, तरी ज्या जनुकाला तो पाळायचा आहे तेच मोडलेले असेल तर उपयोग नाही. उलट बाजूने, ज्या स्त्रियांचा रोग शरीरात पसरलेला असतो आणि ज्यांनी लेट्रोझोलसारखी औषधे दीर्घकाळ घेतलेली असतात, त्यांच्यापैकी काहींच्या कर्कपेशींत रिसेप्टरच्या जनुकात ठरावीक जागी बदल झालेला सापडतो. ५३७ आणि ५३८ या क्रमांकांची अमिनो आम्ले बदलतात आणि रिसेप्टर इस्ट्रोजेनशिवायच सतत चालू अवस्थेत राहतो. २०१३ मध्ये हे बदल एकापेक्षा अधिक गटांनी स्पष्ट केले. असे बदललेले रिसेप्टर उंदरांत रोगाचा फैलाव वाढवतात, असे पुढे दिसले. म्हणजे रिसेप्टर पेशींना नेहमी जागेवर बांधूनच ठेवतो असे नाही. तो बिघडला तर फैलावाला हातभारही लावतो. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट ही वाटते की, औषधाच्या दबावाखाली सापडलेली कर्कपेशी बहुतेक वेळा रिसेप्टर टाकून देत नाही. ती त्याला कसेही करून चालू ठेवण्याची वाट शोधते. तिला तो जगण्यासाठी किती लागतो, हे तिनेच सांगितल्यासारखे आहे. अशा बदललेल्या रिसेप्टरसाठीच रिसेप्टर मोडीत काढणारी औषधे आहेत. फुलव्हेस्ट्रंटचे इंजेक्शन २००२ पासून वापरात आहे आणि इलासेस्ट्रंट या गोळीला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तुम्हाला त्यांची आज गरज नाही, केवळ चित्र पुरे व्हावे म्हणून उल्लेख केला.

तिसरे कारण. शस्त्रक्रियेच्या दिवशी तुमची गाठ शरीराबाहेर गेली. ती गाठ आता ऊतींत शिरणार नाही, कारण ती अस्तित्वातच नाही. आज चिंता आहे ती शस्त्रक्रियेपूर्वीच गाठ सोडून रक्तावाटे किंवा लसिकेवाटे निघून गेलेल्या, हाडांच्या मगजात किंवा आणखी कुठे दडलेल्या एकट्या-दुकट्या पेशींची. त्या असतीलच असे नाही, पण काखेतील दोन ग्रंथींत रोग होता म्हणून त्या असण्याची शक्यता धरून चालावे लागते. या पेशींनी सुटण्याचे आणि शिरण्याचे काम आधीच उरकलेले आहे. जनावर गोठ्यातून सुटून रानात गेल्यावर गोठ्याची कडी मजबूत आहे की नाही याची चर्चा निरर्थक ठरते. त्याला चारापाणी मिळू नये एवढेच आपल्या हातात उरते. परक्या जागी, शेजारच्या पेशींचा आधार नसताना, वर्षानुवर्षे तग धरणे हे या पेशींपुढचे मोठे संकट आहे आणि त्या संकटात त्यांना तारणारा मुख्य आधार इस्ट्रोजेन रिसेप्टर आहे. लेट्रोझोल नेमका तोच आधार काढून घेते. रिसेप्टर जगवतोही आणि बांधूनही ठेवतो, हे दोन्ही मान्य केले तरी शस्त्रक्रियेनंतरच्या काळात जगवण्याचे काम निर्णायक ठरते, असे माझे मत आहे. आणि सुदैवाने इथे केवळ माझ्या मतावर विसंबण्याची वेळ नाही.

रिसेप्टर रोखल्याने रोग पसरत असता, तर औषध घेणाऱ्या स्त्रियांत हाडे, यकृत, फुप्फुसे येथे रोग परतण्याचे प्रमाण वाढलेले दिसले असते. ऑक्सफर्ड येथून चालणाऱ्या जागतिक गटाने २०११ मध्ये २० चाचण्यांतील २१,४५७ स्त्रियांची माहिती एकत्र करून तपासली. ईआर-पॉझिटिव्ह स्त्रियांनी सुमारे पाच वर्षे टॅमॉक्सिफेन (रिसेप्टरला चिकटून त्याला रोखणारे औषध) घेतल्यावर पहिल्या पाच वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले, त्यापुढील पाच वर्षांतही, म्हणजे गोळी थांबल्यानंतर, ते सुमारे एक-तृतीयांशाने कमीच राहिले आणि स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पंधरा वर्षांच्या काळात सुमारे एक-तृतीयांशाने घटले. ज्यांच्या गाठीत रिसेप्टर नव्हता, त्यांना या औषधाचा म्हणण्यासारखा उपयोग झाला नाही. स्तनाचा कर्करोग जीव घेतो तो जवळजवळ नेहमी दूरच्या अवयवांत पसरल्यामुळे. तेव्हा मृत्यू घटले याचा अर्थ फैलाव घटला. तुमच्या गोळीच्या वर्गाबद्दल त्याच गटाने २०१५ मध्ये ३१,९२० स्त्रियांची माहिती मांडली. पाळी गेलेल्या ज्या स्त्रियांनी पाच वर्षे ॲरोमॅटेज रोखणारे औषध घेतले, त्यांच्यात दहा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू १२.१ टक्के होते. पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांत ते १४.२ टक्के होते. शोधनिबंधातील साखळी कितीही सुबक असली, तरी हजारो स्त्रियांच्या पंधरा वर्षांच्या अनुभवापुढे मी तिला दुय्यम मानतो.

फैलावाचा विषय निघालाच आहे म्हणून आपल्या जवळचे एक काम सांगतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन देऊन पाहिले. शस्त्रक्रियेच्या धामधुमीत पेशी सुटून रुजण्याची जी शक्यता असते, ती संप्रेरकाने कमी करता येईल का, हा त्यामागचा विचार होता. सुमारे हजार स्त्रियांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. सर्व स्त्रियांचा एकत्र हिशेब करता ठोस फरक दिसला नाही, पण काखेच्या ग्रंथींत रोग असलेल्यांच्या गटात फायदा दिसला. तुमची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे, त्यामुळे तुम्हाला यातून आज काही करायचे नाही. केंद्रकीय रिसेप्टर आणि फैलाव यांचा संबंध काचपात्राबाहेर, प्रत्यक्ष रुग्णांत तपासता येतो, हे भाच्याला अवश्य सांगा.

आता सांध्यांकडे वळू. तुमचे दुखणे मानसिक नाही आणि वयाचेही म्हणून सोडून देण्याजोगे नाही. या वर्गातील औषधे घेणाऱ्या निम्म्याच्या आसपास स्त्रियांना सांधे दुखण्याचा किंवा आखडण्याचा त्रास होतो. सकाळी बोटे न वळणे ही त्याची नेहमीची खूण आहे. पुढच्या भेटीत ‘थोडे दुखते’ असे मोघम न सांगता, काय करता येत नाही ते सांगा : बरणीचे झाकण उघडता येत नाही, जिना उतरवत नाही, रात्री हाताला मुंग्या येतात का, बोटांच्या सांध्यांना सूज दिसते का. सूज असेल तर आमवाताची तपासणी करून घ्यावी लागेल. ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या. व्यायामाचा उपयोग होतो, हे नियंत्रित चाचणीत सिद्ध झाले आहे. आठवड्याला एकूण १५० मिनिटे झपझप चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, असा तो कार्यक्रम होता. दुखणाऱ्या गुडघ्यांनी सुरुवात करणे कठीण जाते, म्हणून पहिले काही आठवडे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करा. ड्युलॉक्सेटिन या औषधाने काही स्त्रियांना आराम पडतो, पण ते डॉक्टरांनीच द्यायचे आहे. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून रोज घेऊ नका, मूत्रपिंड आणि जठर दोन्ही बिघडतात.

एवढ्याने भागले नाही तर गोळी बदलता येते, आणि ही गोष्ट रुग्ण डॉक्टरांना विचारतच नाहीत. लेट्रोझोल न सोसणाऱ्या काही स्त्रियांना त्याच वर्गातील एक्झेमेस्टेन किंवा अनास्ट्रोझोल सोसते. तीही सोसली नाही तर टॅमॉक्सिफेनवर जाता येते. त्याचा सांध्यांना त्रास कमी, मात्र रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग यांचा धोका थोडा वाढतो, त्यामुळे योनिमार्गातून रक्तस्राव झाला तर लगेच कळवावे लागते. बदल करताना डॉक्टर काही आठवडे गोळी थांबवायला सांगतील, त्याने घाबरू नका. पाच वर्षांचे उपचार पूर्ण केलेल्या स्त्रियांवरील एका मोठ्या चाचणीत दरवर्षी तीन महिने लेट्रोझोल थांबवूनही निष्कर्षांत फरक पडला नव्हता. पण ठरवून घेतलेली विश्रांती वेगळी आणि कंटाळून सोडलेली गोळी वेगळी.

शतावरी कल्प घेऊ नका. शतावरीची परंपरेतील ओळखच दूध वाढवणारी आणि स्त्रीरोगांतील वनस्पती अशी आहे आणि तिच्यातील घटकांचा इस्ट्रोजेनसारखा परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांत आढळला आहे. शरीरातील इस्ट्रोजेन जवळजवळ तळाला नेण्यासाठी एक गोळी घ्यायची आणि तिच्या जोडीला त्याच वाटेने जाण्याची शक्यता असलेला कल्प घ्यायचा, हे मला पटत नाही. शेजारच्या ताईंचा हेतू चांगला आहे, त्यांना तसे समजावून सांगा. आहारातील डाळी, तीळ, जवस, कधीमधी सोयाबीनची भाजी यांना मात्र हरकत नाही.

हाडांकडेही लक्ष द्यायला हवे, कारण लेट्रोझोलने ती विरळ होतात. दोन वर्षांत डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी झाली नसेल तर ती आता करून घ्या. सहा महिन्यांतून एकदा दिले जाणारे झोलेड्रॉनिक ॲसिडचे इंजेक्शन हाडे टिकवते आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत हाडांमध्ये रोग परतण्याचे प्रमाणही कमी करते. ते तुम्हाला द्यायचे का, हे डॉक्टरांना विचारा. इंजेक्शनपूर्वी दातांची तपासणी करून घ्यावी लागते.

शेवटचा प्रश्न वर्षांचा. पाच वर्षे तर घ्यायचीच आहेत. त्यानंतरचा निर्णय अवघड असतो, कारण ईआर-पॉझिटिव्ह रोगाच्या दडलेल्या पेशी फार चिवट असतात. पाच वर्षांचे उपचार पूर्ण करून रोगमुक्त असलेल्या ६२,९२३ स्त्रियांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पाचव्या ते विसाव्या वर्षापर्यंत दूरच्या अवयवांत रोग परतण्याची शक्यता वर्षागणिक जवळपास सारख्या गतीने साठत जाते. गाठ लहान आणि ग्रंथी स्वच्छ असलेल्यांत ती १३ टक्के, तर गाठ मोठी आणि चार ते नऊ ग्रंथी बाधित असलेल्यांत ४१ टक्के होती. तुमचा गट या दोहोंच्या मध्ये येतो. त्या स्त्रियांपैकी बऱ्याच जणींचे उपचार जुन्या काळचे होते, त्यामुळे आजच्या उपचारांनी हे आकडे याहून कमी असतील अशी अपेक्षा आहे. दुसरीकडे, ऑस्ट्रियातील एका चाचणीत पाच वर्षांच्या उपचारांनंतर अनास्ट्रोझोल आणखी दोन वर्षे घेणे आणि आणखी पाच वर्षे घेणे यांच्या परिणामांत फरक पडला नाही, हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र पाच वर्षे घेणाऱ्यांत जास्त होते. तुमच्यासारख्या, दोन ग्रंथी बाधित असलेल्या स्त्रीला मी साधारणपणे सात वर्षांचा विचार करायला सांगतो. गोळी सोसत नसेल आणि डेक्साचा आकडा घसरत असेल, तर पाचावर थांबण्यासही माझी हरकत नसते. हा निर्णय पाचवे वर्ष संपण्याच्या दोन-तीन महिने आधी, तेव्हाची डेक्सा आणि मूळ पॅथॉलॉजी अहवाल समोर ठेवून, तुमच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांबरोबर बसून घ्या. मधल्या काळात एखादे हाड रात्री झोपेतून उठवण्याइतके सतत दुखू लागले, धाप लागू लागली, किंवा काहीच कारण नसताना वजन उतरू लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्यांना भेटा.